सिद्रामअप्पांची रविवारची बाग

टीव्हीवरची बाई कुंडीत पाणी ओतू लागली, की आमचे शेजारी सिद्रामअप्पा खुर्चीतून उठतात, टीव्हीच्या काचेपाशी जातात आणि तिला थांबवतात. "बास, बास! हितं माणसाला चार दिवसाआड पाणी येतंय आन् तू झाडाला रोज घाल म्हणतीस? सोलापूर बघितलंयस का कधी?" बाई ऐकत नाही. ती हसतमुखाने आणखी एक तांब्या ओतते. अप्पा विभूती पुसणार नाही अशा बेताने कपाळावर हात मारून घेतात आणि जागेवर येऊन बसतात.

शुक्रवार पेठेत आमचं आणि अप्पांचं घर एका भिंतीने जोडलेलं आहे. त्यामुळे रविवार सकाळचा बागेचा कार्यक्रम मला टीव्ही न लावता ऐकू येतो. कार्यक्रमापेक्षा अप्पाच जास्त ऐकू येतात. आयुष्यभर सरकी-पेंडीचं दुकान चालवलेला हा माणूस. गुलाबाशी त्यांची ओळख लग्नातल्या हारापुरती. पण बागेच्या कार्यक्रमाबद्दल आणि तो सादर करणाऱ्यांबद्दल त्यांची मतं एकदम ठाम. नावं मात्र कुणाचीच लक्षात राहत नाहीत. हल्लीची बाई म्हणजे 'हातमोजे'. "मातीला हात लावायची लाज वाटती, तर बागेत आलीस कशाला?" मध्ये काही दिवस एक जाकीटवाला तरुण यायचा, तो 'इस्त्री'. "वाकला तर घडी मोडंल की त्येची." खरंच, तो कधी वाकायचा नाही, झाडाकडे नुसतं बोट दाखवायचा. पण एकदा त्याने शेंगदाण्याची पेंड भिजवून झाडांना घाला, असं सांगितलं आणि अप्पांनी त्याचे सगळे गुन्हे माफ केले. दिवसभर भेटेल त्याला सांगत होते, "पोरगं हुशार हाय. लई पुढं जाईल."

या सगळ्यांच्या आधी होता 'चष्मा'. तेव्हा मी शाळेत होतो आणि गल्लीतला एकुलता एक टीव्ही अप्पांकडे होता, लाकडी शटरचा, काळा-पांढरा. रविवारी आम्ही पोरं जाजमावर दाटीवाटीने बसायचो. जाड भिंगाचा चष्मा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, नखांत माती, अशा अवतारात ते गृहस्थ यायचे आणि बोलण्यात इतके रमायचे, की शेवटची पाटी आली तरी पाटीमागून त्यांचा आवाज चालूच असायचा. अप्पांच्या पत्नी गंगाकाकू या चष्म्याच्या निस्सीम भक्त. त्याने सांगितलेलं सगळं त्या आपल्या माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या बादलीत करून बघायच्या.

आणि आम्हाला रंग सांगायच्या. पडद्यावर तर सगळीच फुलं राखाडी. काकू मागून सांगायच्या, "हे जांभळं बरं का. मधी पिवळा ठिपका असतोय बघ." आम्हाला जांभळं दिसायचं, ठिपकासुद्धा दिसायचा. दुकानाला निघालेले अप्पा चपला घालता घालता म्हणायचे, "राखाडी दिसतंय तर राखाडीच असणार की! आन् उपयोग काय त्या फुलांचा? म्हैस तरी खाती का?" काकू वळूनही न बघता म्हणायच्या, "सुम्म कूडरी," म्हणजे गप बसा हो, आणि आम्ही खिदळायचो. पुढे रंगीत टीव्ही आले, आमच्याही घरी आला. पण फुलांचा विषय निघाला की मला अजून ती राखाडी फुलंच आठवतात, काकूंनी सांगितलेल्या रंगांसकट.

जाजमावरची पोरं आता नोकऱ्यांपायी गाव सोडून गेली. अप्पांचा मुलगा दुकान बघतो. साखरेने काकूंची नजर हळूहळू नेली. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. माळवद चढणं थांबलं, झाडं वाळली, डबे भंगारात गेले. त्याच सुमारास अप्पांना दोन खोडी लागल्या. एक म्हणजे घरातली वस्तू जागची हलवायची नाही. खुर्ची वीतभर सरकवली तरी अंगावर येतात, "ठेव आदी जागच्या जागी!" आणि दुसरी हा बागेचा कार्यक्रम, मोठमोठ्याने भांडत बघायचा. म्हातारा दुकानातून रिकामा झाला, दुसरं काय करणार, असं गल्लीचं म्हणणं पडलं. माझंही तेच होतं.

परवाच्या रविवारी मी त्यांचा शेंगाचटणीचा डबा परत करायला गेलो. आतून हातमोजेबाईंचा आवाज येत होता आणि त्यावर अप्पांचा. "आंब्याच्या कवळ्या पानाच्या रंगाची साडी नेसलीय आज. आन् मोजे काढलेत की! मातीत हात घातलाय बघ."

अप्पा चक्क कौतुक करतायत म्हटल्यावर मी टीव्हीकडे बघितलं. पडदा काळाकुट्ट होता. चित्र गेलं होतं, नुसता आवाज चालू होता. समोर काकू मांडीवर हात ठेवून, मान थोडी तिरकी करून ऐकत होत्या.

"आन् मागं काय हाय?" त्यांनी विचारलं.

अप्पा अडखळले. काळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागं? मागं... जिन्यातनं वर आलं की पहिली मल्लिगे. मोगऱ्याच्या नुसत्या कळ्या, पान दिसंना. तिच्या शेजारी अबोली. मग त्या फुटक्या बादलीत गोकर्ण. पार दांडीवर चढलीय."

"अप्पा, टीव्ही..." मी बोलायला लागलो.

"तू बस. खुर्ची हलवू नको. आन् सांग की रे हिला, गोकर्ण निळी हाय का न्हाय?"

आवाज नेहमीचा, दरडावणीचा होता. पण डोळ्यांत विनवणी होती. म्हैस खात नाही म्हणून ज्या फुलांना आयुष्यभर हिणवलं, ती सगळी या माणसाला ओळीने पाठ होती. मी काळ्या पडद्याकडे बघून म्हणालो, "निळी आहे काकू. गर्द निळी."

कार्यक्रम संपल्यावर अप्पा चहा ठेवायला उठले. जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटले, "उद्या त्या मेकॅनिकला बोलीव. हिला बोलू नको, चित्र गेलंय म्हणून." आणि आत गेले.

काकूंनी भांड्यांचा आवाज येईपर्यंत वाट बघितली. मग हळूच म्हणाल्या, "टीव्ही बिघडलाय न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"उजेड कळतोय की मला. आज उजेडच न्हवता." त्या हसल्या. "आन् टीव्हीवाले फुटक्या बादलीत गोकर्ण लावतेत व्हय रे? माझं माळवद हुतं ते. मला आपलं वाटायचं, ह्यांनी कधी मान वर करून बघितलंच न्हाय."

आतून अप्पा साखरेच्या डब्यावर ओरडत होते, तो कुणीतरी जागचा हलवला होता. काकूंनी चाचपडत माझा हात धरला.

"मेकॅनिकला घाई करू नको, बाबा," त्या म्हणाल्या. "आजून तगर ऱ्हायलीय. कोरांटी ऱ्हायलीय."

सोमवारी सकाळी मी कामाला निघालो. मेकॅनिकचं दुकान माझ्या वाटेवरच आहे. मी पलीकडच्या गल्लीने गेलो.