हिरण्यकश्यपूची तिन्हीसांज

मरायला इतकी टाळाटाळ करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमच्या धावडा गावात नृसिंहजयंतीला देवळापुढं नाचत-गात प्रल्हादाचं आख्यान व्हायचं. त्यात शेजारचे शेषाकाका हिरण्यकश्यपू आणि मी प्रल्हाद. काका वर्षभर गुमान शेती करायचे, पण चैत्र लागला की त्यांची चाल बदलायची. आडावर पाणी शेंदतानाही पाय संबळाच्या ठेक्यावर पडायचे आणि निम्मं पाणी परत आडात जायचं. काकू म्हणायच्या, "राक्षस परवडला, पन घागर तर भरू द्या."

राक्षस म्हणून मात्र ते अगदीच कुचकामी. मला उकळत्या तेलात टाकायचं, तर कढईतल्या पाण्यात आधी स्वतःचं बोट बुडवून बघायचे. कड्यावरून ढकलायचं, तर खाली घरची गोधडी अंथरायचे आणि ढकलताना पुटपुटायचे, "पाय जपून, राजा." पोथीतलं 'पिताश्री' त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं. "घरात कोन म्हनतं पिताश्री? बाबा म्हन. बिलकुल मोठ्यानं." मी म्हटलं, की हमखास त्यांचा ठेका चुकायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं, माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

मी शेवटचा प्रल्हाद झालो, त्या वर्षी आख्यानाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी वडील मला शाळेसाठी जालन्याला आत्याकडे पोचवणार होते. गाडी भरून तयार होती.

आता, हिरण्यकश्यपूला वर असा, की तो ना दिवसा मरणार, ना रात्री. म्हणून वध तिन्हीसांजेलाच, हा आमच्या गावचा कडक नेम. त्या दिवशी सूर्य टेकला तरी शेषाकाका नाचायचे थांबेनात. "सांग, कुठं हाय तुझा देव?" मी खांब दाखवायचो, ते भलतीकडंच बघायचे. पुन्हा फेर, पुन्हा तोच सवाल. कागदी खांबात नरसिंहाचा मुखवटा चढवून बसलेला तुका पहिलवान घामानं निथळत ओरडला, "काका, लाथ मारा की जल्दी! जीव चाललाय माझा!" पुजारीबुवा एकदा आभाळाकडं, एकदा काकांकडं बघत होते. अखेर लाथ बसली तेव्हा चांदण्या निघाल्या होत्या.

नरसिंह बाहेर आला, तर काका हात जोडून उभे. "रात झाली. आता कसं मरता येईल? वर हाये न्हवं मला."

"मुद्दाम करून राह्यले तुम्ही!" बुवा कडाडले. पण नेमापुढं त्यांचंही काही चालेना. वध उद्यावर गेला. आणि राक्षस जिता असताना प्रल्हादाला गावाबाहेर नेणार कोण? वडिलांनी चडफडत गाडी रिकामी केली.

दुसरा दिवसभर काकांनी मला बरोबर घेऊन शेत हिंडवलं, खरबूज कापून दिलं. संध्याकाळी अगदी वेळेवर लाथ घातली, वेळेवर पहिलवानाच्या मांडीवर आडवे झाले, डोळे मिटले. लोकांनी गुलाल उधळला.

इथं प्रल्हादाला बोलायचं काही नसतं, नुसते हात जोडायचे. पण मला रडू कोसळलं आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा!"

"ओ," मेलेला हिरण्यकश्यपू म्हणाला.

लोक पोट धरून हसले. बुवांनी कपाळाला हात लावला, "अहो, मेलात तुम्ही!" काकांनी डोळे काही उघडले नाहीत. फक्त चाचपडत माझा हात शोधला आणि आरती संपेपर्यंत सोडला नाही.