अस्वलिणीचा खर्च

नाफडे सर माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची नाडी धरायचे. आमच्याकडे भाड्याची खोली बघायला आले तेव्हा मी धानाचं पोतं उतरवून नुकताच टेकलो होतो. सरांनी माझं मनगट पकडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बराच खर्च केलात!" मला वाटलं, आमच्या नव्या दाराचं बोलताहेत.

त्यांचा खर्च म्हणजे अंगातल्या शक्तीचा. सर पुण्याचे, मूळचे हृदयाचे अभ्यासक. जंगलात आले ते पन्नाशीनंतर. नागझिऱ्याच्या बाजूला एका अस्वलिणीच्या गळ्यात त्यांच्या मंडळींनी पट्टा बांधला होता. ती कुठे जाते, अंग किती हलवते, हे त्यातून कळायचं. कातडीखाली बसवलेल्या बोटभर यंत्रातून हृदयाचे ठोके कळायचे.

"नुसतं कुठे गेली ते काय सांगता? जायला किती पडलं ते सांगा!" हे ते देवरीच्या बसमधून उतरलेल्या पाहुण्यालाही ऐकवायचे. पाहुणा बिचारा तिकीट काढून दाखवायचा.

तसलाच एक जादा पट्टा त्यांनी आमच्या म्हशीवर तपासला. म्हैस दिवसभर डबक्यात बसून राहिली. सर म्हणाले, "काटकसरी आहे." मग तो स्वतःच्या गळ्यात घालून ते पानठेल्यापर्यंत गेले. गावातली सगळी कुत्री मागे लागली.

ठेलेवाल्याने विचारलं, "काऊन जी सर, कोणी बांधून ठेवलं होतं का?"

सर स्वतःची नाडी धरून उभे होते, त्यांना भानच नव्हतं. "कुत्री आली तरी पळालो नाही, जागचा हललो नाही, तरी ठोके बघा कसे चढलेत!"

माझी बायको निर्मला म्हणाली, "एवढे शिकले, अन् गळ्यात पट्टा घालून फिरून राहिले." पण त्या दिवसापासून तिने त्यांच्या ताटात भात जास्त वाढायला सुरुवात केली.

मोहफुलांच्या दिवसांत सरांचं जेवण सुटलं. थंडीभर गुहेत राहिलेली अस्वलीण बाहेर पडली होती, पण तिचं काही ठीक नव्हतं.

"चालते कमी आणि दमते जास्त," सर म्हणाले. "टेकडी तीच, वाट तीच, आणि हृदय धावतंय. आजारी आहे ती."

"दमत असन जी एखाद्या दिवशी," निर्मला म्हणाली.

"रोज दमतेय, वहिनी."

शेवटी माझ्या जीपमधून निघालो. सोबत वनरक्षक होता. नाल्याच्या अलीकडे थांबलो. पट्ट्याचा आवाज सरांच्या हातातल्या यंत्रात वाजत होता. थोड्या वेळाने समोरच्या उतारावरून ती खाली आली. मान खाली, पाय जपून टाकत. पाठीवर केसांना घट्ट धरून दोन पिल्लं बसली होती. एक घसरलं. ती थांबली, पोट टेकवून बसली, ते पुन्हा वर चढेपर्यंत हलली नाही.

सर दुर्बीण खाली घेईनात. "आजार नाही हो," ते म्हणाले. "ओझं आहे." आवाज असा झाला की वनरक्षकाने माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी सर जेवायला बसले. इतक्या महिन्यांत आम्ही त्यांच्या घरचं कधी विचारलं नव्हतं. निर्मलाने विचारलं, "तुमाले लेकरं किती जी, सर?"

"एक मुलगी. लहानपणी पाठीवरून उतरायचीच नाही."

"आता कोठी राह्यते?"

सरांनी भात कालवला. कालवून झाला तरी कालवतच राहिले. "आईबरोबर बंगलोरला गेली होती. आता कुठे असते, ते विचारायला हवं."

आमच्या गावात तेव्हा मोबाइलला फक्त टेकाडावर रेंज यायची. सकाळी मी शेताकडे निघालो तर सर वर उभे होते.

"मी बोलतोय," ते म्हणत होते. "बाबा."

मग त्यांनी फोन कानापासून काढून पाहिला, पुन्हा लावला. मला वाटलं, लाइन तुटली.

"नाही गं," सर म्हणाले, "काम काहीच नाही." आणि तिथल्या दगडावर बसून, फोन कानाला दाबून, 'हं, हं' करत राहिले.