मखाण्यांवरचा ठपका

माणूस आजारी पडतो तो चुकीचे खाल्ल्यामुळे, हे शास्त्राने सिद्ध केले आहे. मग बरोबर काय खायचे, हा किरकोळ भाग शास्त्राने घरोघरच्या सुनांवर सोपवला आहे. लालबागमध्ये जिथे पूर्वी तीन मजली चाळ होती आणि आता बावीस मजल्यांचा टॉवर आहे, तिथे सतराव्या मजल्यावर हे खाते अनुजा रहाटे हिच्याकडे आहे. (नोकरी अंधेरीला. खाते मानद.)

प्रकरण तिचे सासरे दौलतराव यांचे. वय सदुसष्ट, गिरणीतून निवृत्त. (खरे तर गिरणी आधी निवृत्त झाली.) डिसेंबरात त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक एक निघाली. डॉक्टर म्हणाले, "सातच्या आत आणा. नाहीतर शिमग्याला अनवाणी नाचणं विसरा. पायाला काही लागलं तर लवकर भरून येणार नाही."

दौलतरावांना सरासरी कळली नाही, शिमगा कळला. संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावात देवीची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात आणि पुढच्या दांडीचा मान भावकीत फिरत असतो. सात वर्षांनी तो यंदा दौलतरावांच्या घराकडे आला होता. मुलगा स्वप्नील याचा खांदा लॅपटॉपच्या बॅगेने कायमचा अडवलेला. म्हणजे दौलतराव गेले नाहीत, तर मान चुलतभाऊ कुशाबाकडे जाणार. आणि कुशाबाशी एका फणसाच्या झाडावरून त्यांचे एकवीस वर्षे बोलणे नाही. साखरेचा प्रश्न एवढा गंभीर होता.

अनुजाने त्याच संध्याकाळी धोरण जाहीर केले. पाचच्या चहाबरोबरची खारी, फरसाण आणि खालच्या गल्लीतला चिवडा बंद. त्याऐवजी भाजलेले मखाणे. कार्यपद्धती अशी: जाड बुडाची कढई घ्यावी. चमचाभर तूप. आच मंद. दहा-बारा मिनिटे हलवत राहावे, या काळात फोन उचलू नये. एक मखाणा बोटांत दाबून पाहावा. कुटकन मोडला तर झाला, नुसता दबला तर अजून भाजावा. मीठ, मिरपूड बेताने. गार झाल्यावरच डब्यात भरावे, नाहीतर सादळतात. खाणाऱ्याने एक वाटी खावी. (हे शेवटचे कलम पुढे कोणाच्याच लक्षात राहिले नाही.)

दौलतरावांनी पहिला मखाणा तोंडात टाकला आणि तो कुठे गेला ते शोधत बसले.

"कसा आहे, बाबा?" अनुजाने विचारले.

"आहे ना," दौलतराव म्हणाले. "म्हणजे होता."

"पण काय गं, हे उपासाला चालतं का?" हा प्रश्न जाईबाईंचा. त्या दौलतरावांच्या पत्नी आणि स्वयंपाकघराच्या मूळ मालक.

"चालतं, आई. उलट चांगलं असतं."

दुसऱ्या सकाळी अनुजा कामावर निघून गेली, पण निर्णय इथेच लागला होता. जाईबाईंच्या शास्त्रात हेल्दी नावाचा वर्ग नाही. अन्न दोनच प्रकारचे, उपासाला चालणारे आणि न चालणारे. जे चालते ते सात्त्विक, जे सात्त्विक ते पथ्याचे, आणि उपासाला चालणाऱ्या दोन वस्तू एकमेकींना चालतातच. या नियमात महाराष्ट्रात आजवर कोणाला चूक काढता आलेली नाही.

पहिल्या आठवड्यात मखाण्यांना जिरे-मिरचीची फोडणी बसली. दुसऱ्या आठवड्यात शेंगदाणे आले, कारण नुसते मखाणे दाताला काहीच सांगत नाहीत. मग बटाट्याचा तळलेला कीस. मग तेल तापलेलेच आहे म्हणून साबुदाणा. संक्रांतीच्या सुमारास पिठीसाखर, आधी चिमूट, मग चमचा, मग जाईबाईंच्या हाताला येईल तेवढी. फेब्रुवारीत दौलतरावांनी सहज मोजले, तेव्हा मोठ्या डब्यात मखाणे एकूण नऊ होते. (पैकी एक सादळलेला.)

पूर्वी चिवडा खाताना एका वाटीनंतर त्यांचे मन त्यांना खायचे आणि हात थांबायचा. आता थांबायला कारण उरले नाही. औषध कोणी अर्धवट सोडत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी असे म्हणतात. रहाट्यांकडे एकादशी रोज पाचला येऊ लागली. अनुजा घरी आली की विचारी, "बाबा, मखाणे खाल्ले ना?" आणि दौलतराव खरे तेच सांगत, "खाल्ले. होते तेवढे सगळे."

सकाळी ते वीस लिटर पाण्याची बाटली खांद्यावर घेऊन पॅसेजमध्ये अनवाणी नाचण्याचा सराव करीत. ढोल तोंडाने. समोरच्या प्रिती मॅडमनी सोसायटीकडे विचारणा केली तेव्हा 'व्यायाम' अशी नोंद झाली. एसटीचे तिकीट निघाले, धोतर धुऊन ठेवले गेले. "कुशाबाला यंदा मागच्या दांडीला लावतो बघ," असे ते जाईबाईंना रोज एकदा तरी सांगत. इतके खूश ते गिरणी चालू असतानाही नव्हते.

रिपोर्ट आला. नऊ पूर्णांक चार.

डॉक्टरांनी शिमग्यावर काट मारली. घरी आल्यावर अनुजाने तीन महिन्यांत प्रथमच डबा उघडला.

"आई, मखाणे कुठायत यात?"

"आहेत की, तळाला."

"आणि हे बाकीचं?"

"उपासाचंच आहे सगळं. माझ्या मनाचं मी काय पण घातलेलं नाय."

चौकशी तिथेच, जेवणाच्या टेबलावर झाली. शेंगदाणे या घरात तीन पिढ्या आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. बटाटा नवरात्रातला, साबुदाण्यावर तर दौलतरावांची आई नव्वद वर्षे जगली. साखर देवाला चालते, तिला प्रश्न कोण विचारणार? राहता राहिले मखाणे. बाहेरगावचे. येऊन जेमतेम तीन महिने झालेले. ते येण्यापूर्वी साखर आठ होती, ते आल्यावर नऊ झाली. एवढा पुरावा या शहरात कोणावरही ठपका ठेवायला पुरतो.

अनुजा शिकलेली असल्यामुळे तिने मोबाइलवर खातरजमा केली. मखाणे कोणी खाऊ नयेत हे सांगणारा व्हिडिओ लगेच मिळाला. (खावेत हे सांगणाऱ्याही याच बाई होत्या.) नऊच्या नऊ मखाणे चमच्याने वेचून बाहेर काढण्यात आले. डबा पुन्हा झाकला.

शिमग्याच्या दिवशी पुतण्याने गावाहून व्हिडिओ कॉल लावला. पुढच्या दांडीला कुशाबा होता. नाचत होता, आणि चांगला नाचत होता, हे जास्त वाईट. दौलतराव खुर्चीत बसून बघत होते आणि त्यांचा उजवा खांदा ढोलाबरोबर आपोआप हलत होता. त्यांना रडू आले. जाईबाईंनाही आले. त्या उठल्या, वाटी भरून आणली आणि म्हणाल्या, "खावा. आता त्यात ते मखाणे नाहीत."

दौलतरावांनी तीन वाट्या खाल्ल्या.

उरलेले अर्धा किलो मखाणे फ्रिजवर बंद डब्यात आहेत, अजून कुरकुरीत. ज्या वाचकांना हवे असतील त्यांनी खुशाल घेऊन जावेत. घरात कोणीतरी नवीन आलेले असले की ठपका ठेवायला सोयीचे पडते. तुमचाही रिपोर्ट यायचाच आहे.