गाडीला शिकू द्या

ऐक फकस्त, मधी बोलू नको. चालू गाडीपाशी गेलेला माणूस रेस न देता माघारी आला, असं आपल्या निरवांगी गावात आजवर घडलेलं न्हाय. रीतच हाय ती. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावतो ना, तशी गाडीची इचारपूस ॲक्सिलेटर दाबून करायची.

तर आमच्या सावळारामतात्यांनी एका सकाळी ट्रॅक्टर चालू करायला कारची बॅटरी काढली. (ट्रॅक्टरची बॅटरी दिवाळीपास्नं उतरलीय. पण घरात एक हाय म्हणल्यावर दुसरी कशाला?) परत बसवली, तर कार चालू व्हायची, थरथरायची आन बंद पडायची. आन त्याच कारनं तात्यांच्या लेकीला, स्वरूपाताईला, बारामतीला जायचं होतं, नोकरीच्या मुलाखतीला. एसटी तर कवाच गेलेली.

संभाजी मिस्त्री मोटरसायकलवर आला. कनेक्शन आवळून म्हणला, "बॅटरी काढली की गाडीचा कॉम्प्युटर सगळं इसरतो. एसी बंद, लाईट बंद, जागेवर नुसती चालू ठेवा. आपली आपण शिकंल. पण रेस देऊ नका."

"म्हंजी कशी?" तात्या.

"ही अशी," म्हणून त्यानं दाबून दाखवली. गाडी बंद.

पुन्हा चालू केली. तवर शेजारचं गेणबाआबा डेरीला दूध घालून आलं. "आवाज बघू जरा," म्हणत त्यांनी दारातनं काठी घातली आन काठीनंच रेस दिली. (आबांना वाकता येत न्हाय. पण रीत मोडली न्हाय.) गाडी बंद.

तिसऱ्या वक्ताला शकुबाईकाकी बॅटरीला हळद-कुंकू लावून गेल्या, आन जाताना एसी लावून गेल्या. "शिकताना डोकं थंड पायजे." गाडी बंद. इतक्या मास्तरांत इंजिन गोंधळणारच, त्यात इंजिनचा काय दोष?

मंग गाडी चालू करून तात्याच आबांची काठी घेऊन पहाऱ्याला उभे राहिले. आन खरंच, हळूहळू आवाज बसला की रं! मांजर झोपल्यावाणी. ताई पटकन आत बसली. "निघू का तात्या?"

"पाय वर घे!" तात्या वराडले. "आत्ता कुठं शिकलीय. दाबलंस की इसरंल."

"अवो तात्या, आता दाबायचीच असती," मिस्त्री म्हणला.

"मघाशी तूच न्हाय म्हणलास. का तूबी इसरलास?"

"मंग मी बारामतीला जाऊ कशी?" ताई रडकुंडीला आली.

"गाडी शिकती हाय, तिला शिकू दे. तू शिकलेलीच हायस."

ताई उतरली, मिस्त्रीच्या हातातनं मोटरसायकलची किल्ली ओढली आन सुटली. येळंत पोचली, नोकरीबी लागली. तात्या आता सगळ्यांना सांगत्यात, कार जपली म्हणूनच नोकरी लागली.

कार मात्र त्या दिवशी दुपारपतोर जागेवर चालूच. तात्या जेवायला आत गेलेले, काठी भिंतीला टेकलेली, कारचं दार सताड उघडं, आसपास चिटपाखरू न्हाय. हसू नको. तुझा उजवा पाय मघापास्नं हलतोय, बघतोय मी. खरं सांग, तितं तू एकटा असतास, तर काय केलं असतंस?