शरदकाकांची रांग

शरदकाका कॉलेज फुटबॉलच्या मॅचला जातात आणि मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. मागे हजारो लोक एका सुरात ओरडत असतात आणि काका हातातल्या वहीत पाण्याच्या स्टॉलसमोरची माणसं मोजत असतात.

इथे अमेरिकेत, प्लेनोत, ते आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. कारखान्यात कामगारांची पावलं कुठे वाया जातात हे शोधणं, हीच त्यांची तीस वर्षांची नोकरी. मुलगी त्या कॉलेजात होती म्हणून त्यांनी सीझन तिकीट घेतलं. ती शिकून सिअ‍ॅटलला गेली, दोन वर्षांपासून काकूही नातवंडं सांभाळायला तिकडेच असतात, पण काकांचं तिकीट चालूच आहे. खेळाचे नियम त्यांना अजून येत नाहीत.

"स्कोअर काय तो बोर्डावर दिसतो," ते म्हणतात. "एका बाटलीपायी माणूस अर्धी मॅच रांगेत घालवतो, ते कुठे दिसतं? कुणी मोजलंय का?"

'कुणी मोजलंय का?' हे त्यांचं पालुपद. मी विजेचं बिल दोनदा तपासणारा माणूस, त्यामुळे त्यांनी मला मदतनीस नेमलं. पहिल्याच दिवशी माझ्या वहीत 'अंदाजे दहा मिनिटं' वाचून ते भडकले. "मिलिंद, अंदाज हवामानवाल्यांना करू दे!"

पुढच्या मॅचला मी नीट मोजलं. एकाच रांगेत, एकाच वेळी उभे राहून माझी अकरा मिनिटं झाली, त्यांची एकोणीस. माझं घड्याळ बरोबर होतं. मग लांबून पाहिलं, तर काका लेकुरवाळ्या बायकांना "गो अहेड, गो अहेड" करत पुढे सोडत होते. वर प्रत्येकाची चौकशी. कुठून आलात, मुलं किती, तिकीट परवडतं का. काउबॉय हॅट घातलेल्या एका आजोबांनी तर त्यांना आपल्या गुडघ्याची अख्खी हकिगत सांगितली.

"काका, असं मोजलं तर आकडा चुकतो."

"मग तुझा आकडा लिहू," ते शांतपणे म्हणाले.

स्टेडियमच्या ऑफिसला त्यांनी बारा पानी पत्र पाठवलं. पिण्याच्या पाण्याचे फुकट नळ लावा, पैसे घ्यायची आणि वस्तू द्यायची खिडकी वेगळी करा, वरच्या कोपऱ्यातल्या जागा चार जणांच्या कुटुंबाला दोघांच्या भावात द्या. 'रिकाम्या बाकावरून कुणी टाळ्या वाजवत नाही,' हे वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवलं, तेव्हा आभाराचं छापील कार्ड आलं. तिसऱ्या वर्षी मात्र बोलावणं आलं. काका कोट घालून गेले, मी फाइल धरून. तिथल्या तरुण मॅनेजरबाई पानं उलटत म्हणाल्या, "सर, पगार घेऊनही आम्हाला हे कुणी मोजून दिलं नसतं."

परतताना गाडीत काकांनी फाइल मांडीवर घेतली. घराजवळ आल्यावर म्हणाले, "ऐकलं रे त्यांनी."

या सीझनच्या पहिल्या मॅचला वरचा कोपरा पोराबाळांनी भरला होता. खाली नळांची ओळ होती. काकांनी बाटली भरली, मी वेळ पाहिली. चाळीस सेकंद!

"काका, जिंकलात की!"

ते हसले. पाणी प्यायले. मग बाटलीला झाकण लावून तिथेच उभे राहिले. माणसं येत होती, बाटल्या भरत होती, जात होती. काकांनी दोघातिघांना "हाउ आर यू?" केलं. "गुड, गुड!" म्हणत ती आपापल्या जागेकडे पळाली. थांबायला कुणाला कारणच उरलं नव्हतं.

हाफटाइमला काका जागेवर दिसेनात. शोधत गेलो, तर ते प्रेट्झेलच्या, म्हणजे खाऱ्या पावाच्या, रांगेत होते. तिथे अजून तीस-पस्तीस माणसं होती.

"काका, तुम्हाला मीठ बंद आहे ना?"

"खायला कोण उभंय?" ते म्हणाले आणि पुढच्या बाईंच्या कडेवरच्या बाळाला बोट धरायला दिलं. बाई त्याचं नाव सांगू लागल्या.

मी सवयीने वही काढली. "पुढच्या वर्षी ही रांग घ्यायची का मोजायला?"

काकांनी माझ्या हातातली वही हळूच मिटली.

"या रांगेला हात लावू नकोस," ते म्हणाले.