झाड पाडल्याचा पुरावा

आब्दियास माइता उत्सव समितीच्या हॉलमध्ये आपल्या शूटिंगची डीव्हीडी घेऊन आला तेव्हाच तो रागावलेला होता. कार्निव्हलच्या नाचात कोणीतरी मागून त्याच्या पाठीत दणका घातला होता. कॅमेरा हातातून सुटता सुटता वाचला, पण पाठ अजून ठणकत होती. त्याचा संशय बँडमधल्या, नेहमी रोवल्यासारखा मध्येच उभा राहणाऱ्या जाड्या सॅक्सोफोनवाल्यावर होता.

"ढोसतात आणि धक्के मारतात," तो म्हणाला. "शूटिंग करणाऱ्याची काही किंमतच नाही ह्या हाउहा गावात."

"पाठीचं नंतर बघू. आधी ते लाव," फिदेलियाबाई म्हणाल्या. बाई समितीच्या अध्यक्षा होत्या, त्याआधी शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आणि या दोन कामांत त्यांनी कधी फारसा फरक केला नव्हता.

जमलेल्यांना एकच गोष्ट पाहायची होती. दरवर्षी कार्निव्हलला चौकात निलगिरीचं उंच झाड रोवतात, त्याला ब्लँकेटं, टब, फुगे टांगतात, आणि झाड पडलं की लोक ते लुटतात. जोड्या भोवती नाचतात आणि आळीपाळीने बुंध्यावर कुऱ्हाड मारतात. ज्याच्या हातून झाड पडेल त्याने पुढच्या वर्षीचा अख्खा उत्सव करायचा. बँड त्याचा, बिअर त्याची, सगळ्या वस्तीचं जेवण त्याचं, आणि नवं झाडही त्याचंच. हा फार मोठा मान समजला जातो. तो मिळालेला माणूस पुढची काही वर्षं नवे बूट घालताना दिसत नाही.

यंदा घोटाळा असा झाला, की चपलांचा दुकानदार सिरिलो कामारेना घाव घालून कुऱ्हाड निवृत्त हवालदार बोनियाच्या हातात देत होता, आणि नेमकं तेव्हाच झाड पडलं. पातं एकाकडे, दांडा दुसऱ्याकडे. लोकांचे डोळे वर टबांवर होते, आणि पुढच्या क्षणी लोकच टबांवर होते. कोणी काही पाहिलं नव्हतं.

"माझा घाव बसला तेव्हा झाड ठणठणीत उभं होतं," सिरिलो म्हणाला. "हवालदारांनी कुऱ्हाड ओढली, तेव्हा पडलं."

"ओढल्याने झाड पडत नाही. तू अर्धवट तोडून माझ्या गळ्यात घालत होतास."

"भांडता काय," आब्दियास म्हणाला. "मान आहे तो. माणसाने हसत घ्यावा. आमच्या वडिलांच्या वेळी लोक रडत नव्हते असे."

त्याची बायको निएवेस त्याच्याकडे बघत राहिली. यंदा त्यांच्या घरावर दुसरा मजला चढायचा होता. गच्चीवरच्या लोखंडी सळया आभाळाकडे बघत गंजल्या होत्या, आणि आता विटा ठरल्या होत्या.

डीव्हीडी सुरू झाली. नाच झाला, सिरिलोने घाव घातला, वळून कुऱ्हाड पुढे केली, आणि पडदा निळा झाला. निळ्यावर इंग्रजी अक्षरं आली.

"काय लिहिलंय?" बोनियाने विचारलं.

फिदेलियाबाईंनी चष्मा लावला. "'पुढचा भाग हवा असल्यास पैसे भरा.'"

सगळ्या माना आब्दियासकडे वळल्या.

"असं होय," सिरिलो म्हणाला. "शेवटचा घाव विकायला काढलास."

"अहो, मी नाही, तो प्रोग्राम म्हणतोय. फुकटातला आहे. कॅसेटची डीव्हीडी करून देतो. मला काय माहीत तो मध्येच हात पसरेल?"

"सुरुवातीला विचारलं असेल ना त्याने काहीतरी?"

"विचारलं. मी 'मान्य' दाबलं. सगळे तेच दाबतात."

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत विकलेल्या डीव्हीड्या परत यायला लागल्या. सर्वांत वाईट म्हणजे काही आधीच मिलानला पोचल्या होत्या, कारण तिथे राहणारी हाउहाची मंडळी गावच्या मंडळींपेक्षा उतावीळ होती. सिरिलोच्या बहिणीने रडत फोन केला, की दादा कुऱ्हाड पुढे करताना दिसतो आणि मग सगळं निळं होतं, तर दादाला नक्की काय झालं ते कोणी लपवू नये. दादाने स्वतः फोन घेऊन आपण जिवंत असल्याचं सांगितलं. तरी तिने फिदेलियाबाईंकडून खात्री करून घेतली.

"त्यापेक्षा कॅमेऱ्याची वायर सरळ टीव्हीला लाव ना," निएवेस म्हणाली. "कॅसेट आहेच."

"हे धंद्यातलं काम आहे. तुला नाही कळायचं."

आब्दियासने दुसरा फुकट प्रोग्राम उतरवला. त्या प्रोग्रामने आधी कॉम्प्युटरची भाषा पोर्तुगीज करून टाकली, मग केस वाढवण्याच्या तेलाची जाहिरात कायमची चिकटवली, आणि शेवटी डीव्हीडी दिली. आब्दियास ती न बघताच हॉलमध्ये घेऊन गेला. स्वतः काढलेलं शूटिंग तो कधीच बघत नसे. ते चांगलंच असणार, असं त्याचं म्हणणं.

या वेळी पडदा शेवटपर्यंत काळा राहिला. आवाज मात्र स्वच्छ होता. बँड वाजला, कुऱ्हाड बसली, लोक ओरडले. मग काहीतरी धप्पकन आदळलं आणि अगदी जवळून एक पुरुष खेकसला, "कोणी रोवलंय हे इथे?" पाठोपाठ झाड कडकडत पडलं.

"हा हवालदारांचा आवाज," सिरिलो म्हणाला.

"माझा? मी तीस वर्षं चौकीत लोकांवर ओरडलोय, माझा आवाज मला माहीत आहे. हा कोणी चिरका माणूस आहे. तूच तो."

"चिरका तर आहेच," आब्दियास म्हणाला. "आणि बेअक्कलसुद्धा. झाडाला विचारतोय, इथे कोणी रोवलं म्हणून."

 निएवेस हा आवाज रोज सकाळी ऐकत होती. साबण सापडला नाही की नवरा असाच खेकसायचा.

घरी आल्यावर तिने दार लावलं. "त्यांना सांग, कॅसेट खराब झाली."

"का म्हणून? मला चोर म्हणाले ते."

"म्हणू दे. दोन दिवसांत विसरतील. आब्दियास, विटांचा विचार कर."

"विटांचा काय संबंध? माझी इज्जत गेलीय. तू म्हणालीस ते बरोबर होतं. वायरच लावतो सरळ."

आपलं बरोबर होतं असं त्याच्या तोंडून ती लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होती, आणि वेळ चुकीची होती. "वायर सापडत नाहीये," ती म्हणाली. वायर तांदळाच्या डब्यात होती.

आब्दियासने घर उलटंपालटं केलं, चिडून बोनियाकडे गेला, आणि बोनियाने स्वतःची वायर आनंदाने दिली.

रविवारी हॉल भरला. सॅक्सोफोनवालाही आला होता. आब्दियास उभा राहिला. "मी फुकटचे प्रोग्राम वापरले, पण शूटिंग कधी फुकटचं केलं नाही. आता बघा, आणि ज्याने पाडलं त्याने मुकाट्याने पुढच्या वर्षीचा खर्च करावा. पळवाट नको."

"नकोच," सिरिलो म्हणाला.

"बिलकूल नको," बोनिया म्हणाला. त्यांचं महिनाभरात पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

चित्र लागलं. सिरिलोने घाव घातला. झाड हललं, पण उभं राहिलं. सिरिलो वळला, बोनियाने दांड्याला हात घातला. दोघांचे चेहरे दिसावेत म्हणून कॅमेरा वळसा घालून झाडाच्या बाजूला आला, आणि दोघं चौकटीत मावावेत म्हणून मागे सरकला. आणखी मागे सरकला. मग धप्प झालं आणि पडद्यावर आभाळ आलं, आभाळात फुगे, आणि आब्दियासच्या आवाजात, "कोणी रोवलंय हे इथे?" फुग्यांमागोमाग एक हिरवा टब कॅमेऱ्याकडे येऊ लागला.

 सॅक्सोफोनवाल्याने सावकाश हाताची घडी घातली.

"पण मी नाचत नव्हतो," आब्दियास म्हणाला. "माझ्या हातात कुऱ्हाड नव्हती."

"नियम झाड पाडण्याचा आहे," फिदेलियाबाई म्हणाल्या. "कशाने, ते लिहिलेलं नाही."

"मान आहे तो," सिरिलो म्हणाला. "हसत घे."

बोनियाने मानाचा पट्टा आणलेलाच होता. तो गळ्यात पडला तेव्हा आब्दियासने निएवेसकडे पाहिलं. ती खिडकीतून विटांच्या दुकानाकडे बघत होती.

त्याच आठवड्यात सगळ्या वस्तीने नव्या डीव्हीड्या मागितल्या. मिलानच्या लोकांना तर त्या घाईने हव्या होत्या. आब्दियासने खूप विचार केला, आणि मुद्दाम पहिलाच प्रोग्राम उघडला. कुऱ्हाड पुढे होते तिथे निळा पडदा येतो, तोच. मिलानला तरी कळायला नको. काम संपलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. फिदेलियाबाई मिलानला पाठवायची प्रत न्यायला आल्याच होत्या. त्यांनी चष्मा लावला.

"'आपण आमचे जुने ग्राहक आहात,'" त्यांनी वाचलं. "'त्याबद्दल आभार. या वेळी संपूर्ण चित्रफीत आमच्याकडून भेट.'"

मशीनने गरम डीव्हीडी बाहेर काढली. बाईंनी ती उचलली आणि पिशवीत टाकली.