काळ्या मातीचा रॅम्प

प्रणाली रोज ऑफिसात बटाट्यांबरोबर जायची. यात अतिशयोक्ती नाही. भातकुलीच्या रस्त्यावरच्या 'हिरवाई भाजीपाला उत्पादक कंपनी'ला पुढून चार उंच पायऱ्या होत्या आणि मागून माल चढवायचा ओटा होता, ट्रकच्या उंचीचा. व्हीलचेअर पायऱ्याही चढत नाही आणि ओटाही चढत नाही, पण ओट्यावर निदान हमाल असतात. शालिकराम हमाल ओट्याला फळी लावायचा, प्रणालीला खुर्चीसकट मालाच्या ढकलगाडीवर घ्यायचा आणि दोन पोत्यांच्या मधे बसवून वर ढकलायचा. मग गोदामातल्या कांद्याच्या सालींवरून ती आपल्या टेबलाशी पोचायची. संध्याकाळी हाच प्रवास उलटा. शालिकराम ट्रकबरोबर अमरावतीला गेला असला की तो परत येईपर्यंत ती ओट्यावर बसून राहायची.

तिचे पाय का चालत नाहीत हे इथं सांगायचं कारण नाही. विचारणारे गावात भरपूर आहेत, त्यांनी आपापली उत्तरंही तयार ठेवली आहेत. तिची जीभ मात्र उत्तम चालायची आणि फोनवर तर फारच. मंडईतला व्यापारी टोमॅटोला चार रुपये कमी बोलला की ती त्याला त्याच्याच गोड आवाजात असं काही ऐकवायची, की तो मुकाट्यानं भाव वाढवायचा. म्हणून तिला कंपनीतलं पहाटेचं टेबल हवं होतं. पहाटे भाव फुटतात, तेव्हा फोनवर बसून सौदे करणारा माणूस म्हणजे कंपनीचा खरा मालक. त्या टेबलावर अध्यक्ष खुशालरावांचा पुतण्या कुलदीप बसायचा. म्हणजे उठला तर बसायचा.

प्रणालीनं हे टेबल दोनदा मागितलं होतं. खुशालरावांनी दोन्ही वेळा तिच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं होतं.

"पोरी, तुह्या हुशारीबद्दल सवालच नाई," ते म्हणाले होते. "पन येवढ्या पाहटे तुले वरतं चढवीन कोन? हमाल येतेत आठ वाजता. कुलदीप आपला टनाटन चार पायऱ्या चढून जाते."

चार पायऱ्या चढता येणं ही कुलदीपची एकमेव पात्रता आहे, हे खुशालरावांनी कबूल केलं, एवढंच समाधान प्रणालीला मिळालं.

एप्रिलात पुण्याहून फोन आला आणि सगळं बदललं. तिकडची एक मोठी खरेदीदार कंपनी हिरवाईचा माल वर्षभर उचलायला तयार होती. फक्त त्यांच्या धोरणाप्रमाणे माल पुरवणाऱ्याचं ऑफिस अपंगांसाठी सोयीचं असायला हवं, ते त्यांच्या अधिकारी अपेक्षा मॅडम मे महिन्यात येऊन पाहणार होत्या. त्या दिवसापासून खुशालराव प्रणालीला 'आमची प्रणाली' म्हणू लागले. वाढदिवस नसताना तिला शाल मिळाली. नारळ मिळाला. भिंतीवर तिचा हसरा फोटो लागला, इतक्या उंचावर की तो पाहायला तिला मान मोडावी लागायची. कोणी तिला विचारलं नाही की बाई, तुला नक्की काय हवं आहे.

रॅम्प बांधायचं ठरलं. शहाण्या माणसानं उतार लांब आणि सौम्य धरला असता, पण पुढच्या अंगणात खुशालरावांची गाडी उभी राहायची आणि गाडीची जागा सोडायला ते तयार नव्हते. म्हणून रॅम्प आखूड आणि खडा निघाला. वर पोचल्यावर खुर्ची थांबवायला सपाट जागाही ठेवली नाही, उतार थेट दाराला भिडवला. दार लोखंडी, बाहेर उघडणारं. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण एका सकाळी प्रणालीनं पाहिलं, तर पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी विटांची भिंत उभी होती आणि ट्रॉलीतून आत काळीशार माती ओतली जात होती, उन्हानं कडकडीत वाळलेली, ढेकळंच्या ढेकळं.

वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही विचारा. काळ्या मातीवर बांधकाम करत नाहीत. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की फाटते. घर बांधायचं तर ती खणून काढतात आणि मुरूम भरतात. खुशालरावांनी स्वतःच्या बंगल्यासाठी तीन तालुके हिंडून मुरूम आणला होता आणि त्याची गोष्ट ते प्रत्येक लग्नात सांगत.

"काका, मुरूम नाई टाकला?" प्रणालीनं विचारलं.

"कायले?" खुशालराव म्हणाले. "माह्या वावरातली माती हाय थे. सोनं हाय सोनं. आन यावरून एक खुर्चीच तं चढाची हाय. मले का तिथं बंगला बांधाचा हाय?"

वर सिमेंटचा थर पडला, त्यावर पोती अंथरली गेली आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं गेलं. माती पाणी प्यायली. उन्हाळाभर तहानलेली होती, मनसोक्त प्यायली. हळूहळू रॅम्पच्या मध्यभागी पोट आलं, मग वरची कडा उचलली जाऊन दाराच्या उंबऱ्याच्या वर आली. दार घासू लागलं. कुलदीपनं पाहणी करून हे डिझाइन आहे असं सांगितलं. प्रणालीनं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा खुशालराव म्हणाले, की ज्यांच्यासाठी करावं त्यांनाच किंमत नसते. तिला राग आला.

मॅडम उद्घाटनाला यायच्या त्या सकाळी दोन माणसांनी लोखंडी सब्बल लावून दार उघडलं आणि दोरीनं बांधून ठेवलं. मग स्वागताचा सडा सुरू झाला. मॅडमच्या पायांना चटका बसू नये म्हणून खुशालरावांनी नळाची नळी रॅम्पच्या माथ्यावरच सोडून दिली. सिमेंटला एव्हाना चांगली बोटभर भेग गेली होती, पाणी तिच्यातून आत जात होतं. रांगोळी वाहून गेली, नळी चालूच राहिली.

पहिला मान प्रणालीचा होता. ती खालून जोर लावून निघाली, रॅम्पच्या त्या पोटापर्यंत आली, तिथं ओल्यावर चाकं निसटली आणि ती सरळ मागं येऊन खुशालरावांच्या गाडीला धडकली. दिव्याची काच गेली. खुशालरावांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तू जाय बरं मांगून," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आन आतून दारात येऊन हास. फोटोत कोनाले समजते चढली का उतरली थे."

म्हणून रॅम्पच्या उद्घाटनाला प्रणाली बटाट्यांबरोबर आत आली आणि दारात बसून हसली. अपेक्षा मॅडमनी फीत कापली, साडी सावरत चढ चढून त्या आत आल्या. मागून सगळे पाहुणे आले. आत दोन कूलर घरघरत होते आणि दारातून झळा येत होत्या. मॅडमनी दार लावायला सांगितलं. कुलदीपनं बाहेरून दोरी सोडली, खांदा दिला, दोन लाथा घातल्या आणि दार उंचवट्यावरून खरडत एकदाचं आत बसलं. त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

अपेक्षा मॅडम समावेशकतेवर बोलल्या. पडद्यावर हसणाऱ्या लोकांची चित्रं येत होती, सगळी परदेशातली. त्या प्रणालीकडे हात करून तिला तीन वेळा प्रेरणा म्हणाल्या, पण तिच्याशी एकदाही बोलल्या नाहीत. खुशालरावांनी आभार मानताना सांगितलं, की या रॅम्पमध्ये आपल्या मातीचा सुगंध आहे. टाळ्या पडल्या. मॅडमना पुण्याची गाडी पकडायची होती, त्या उठल्या. दार उघडेना.

आतून लोटलं, नाही. बाहेरून कुलदीपनं ओढलं, तर कडी त्याच्या हातात आली. भाषणं चालू असताना नळीही चालूच होती, आणि माती तिचं काम मन लावून करत होती. रॅम्पची कडा दाराला बाहेरून अशी चिकटली होती की सब्बल घुसायलाही फट उरली नव्हती. खिडक्यांना गज. एवढ्यात वीज गेली आणि कूलर थांबले. खोलीतली समावेशकता झपाट्यानं वाढली.

"दुसरा रस्ता असेलच ना?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी प्रणालीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या गोष्टीत सगळ्यात जास्त माहिती असल्याचं लोकांच्या ध्यानात आलं होतं. तिनं खुर्ची वळवली आणि ती पुढं निघाली. मागून कांद्याच्या साली चुकवत सगळे पाहुणे.

ओट्यापाशी येऊन मॅडमनी खाली पाहिलं. छातीएवढी उंची, खाली सडकी पानकोबी. तरण्या माणसांनी उड्या मारल्या. मॅडमचं वय उडीचं नव्हतं आणि साडी तर मुळीच नव्हती. शालिकरामनं सवयीनं फळी लावली, ढकलगाडी पुढं केली आणि फडक्यानं पुसली.

"यावर?" मॅडम म्हणाल्या. "हे सामानाचं आहे ना?"

"व्हय," प्रणाली म्हणाली. "मले रोज यावरूनच नेतेत. साडी आत घ्या, हात बाजूले काढू नका. आन अर्ध्यात हिसका बसते, तवा वरडू नका, शालिकभाऊ घाबरते."

मॅडम बसल्या. तोल सांभाळायला शेजारी बटाट्याचं एक पोतं ठेवावं लागलं. अर्ध्यात हिसका बसला आणि मॅडम ओरडल्या. खाली कुलदीपनं तो क्षण टिपला, कारण फोटो काढायचं काम त्याच्याकडे होतं आणि थांब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

प्रणालीला दया आली नाही. यायला हवी होती असं कोणाला वाटत असेल, तर त्यांनी महिनाभर त्या गाडीवर बसून पाहावं.

खुशालरावांनी मात्र गाडीला नकार दिला. अध्यक्षानं पोत्यासारखं उतरायचं? त्यांनी धोतर खोचलं, उडी मारली आणि पानकोबीवर उतरले. गुडघा गेला. डॉक्टरांनी पाय टेकवायचा नाही असं बजावलं. आता पुढचं दार बंद आणि कंपनी तर चालवायची, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून खुशालराव ऑफिसात बटाट्यांबरोबर येऊ लागले. एकदा शालिकराम अमरावतीला गेला, तेव्हा ते आणि प्रणाली दिवेलागणीपर्यंत ओट्यावर शेजारी शेजारी बसले होते. खुशालराव चिडून म्हणाले, हे काही माणसाला वागवायची रीत आहे? प्रणालीनं मान डोलावली.

पुण्याचं कंत्राट मिळालं. मॅडमनी वर कळवलं, की तिथल्या व्यवस्थेचा आपण प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे. कसा घेतला ते लिहिलं नाही.

जूनच्या आत मागच्या ओट्याला नवा रॅम्प झाला. लांब, सौम्य, वर वळायला ऐसपैस सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. पुढचं दार बंद झाल्यापासून खुशालरावांची गाडी मागं उभी राहायची, ती हलवावी लागली तर हलवली. वर्षभर ओट्यावर बसून जे मिळालं नव्हतं ते एका गुडघ्यानं पंधरवड्यात मिळवून दिलं. प्रणाली पहिल्या दिवशी कोणाच्याही हाताशिवाय वर गेली, खाली आली आणि पुन्हा वर गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं कांद्यावर ढकललं. मग तिनं सगळ्यांसमोर खुशालरावांना विचारलं, की आता पहाटे मला चढवायला कोणी लागत नाही, टेबलाचं काय? त्यांनी कुलदीपला टेबल रिकामं करायला सांगितलं.

पहाटेच्या अंधारात ती दिवा लावून फोनवर बसली असताना खुशालराव काठी टेकत, कठडा धरत वर आले. दम न लागता पोचले म्हणून खूश होते.

"पाह्य पोरी, तुह्यासाठी कसा फर्स्टक्लास रॅम्प बांधून देल्ला," ते म्हणाले.

"लय चांगला झाला, काका," प्रणाली म्हणाली. "मुरूम टाकला न खाली?"

"मंग?" खुशालराव म्हणाले. "आता यावरून मानसाले चढाचं हाय."